लेकीचं डोकं, विहिणीचे हात

माझ्या लेकीचं डोकं विहिणीच्या दोन गुडघ्यांमध्ये होतं आणि मी समोरच्या खुर्चीवर बसून चहा पीत होतो. गिरगावातलं त्यांचं घर, दुपारची वेळ. विहीण पलंगाच्या कडेला, लेक खाली पाटावर. विहीण वाटीत बोटं बुडवायची, केसांत भांग पाडायची, भांगात तेल सोडायची आणि बोटांच्या टोकांनी हळूहळू जिरवायची. लेकीच्या मांडीवर माझी नात झोपलेली. कोणी तिऱ्हाईत आला असता तर म्हणाला असता, काय सोन्यासारखं घर आहे. मला वाटत होतं, उठावं आणि ती वाटी मोरीत ओतून यावी.

खोटं कशाला लिहू? माझी शाळा चौथीत सुटली, मला गोड करून लिहिता येत नाही. मला त्या बाईचा मत्सर वाटतो. ती वाईट असती तर भांडून मोकळा झालो असतो. ती चांगली आहे, तीच तर पंचाईत.

लेक पाच महिन्यांची पोटुशी होती तेव्हा माझी बायको गेली. आजारपण लांबलं होतं, त्यामुळे अचानक गेली असं म्हणता येत नाही. तरी मला ते अचानकच वाटतं. जायच्या आधी एकच घोकत होती, पोरीचं बाळंतपण आपल्याकडे व्हायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. मीही ठरवलं होतं. लालबागची आमची खोली लहान असली म्हणून काय झालं, याच खोलीत लेक जन्मली, वाढली. मालिशवाली बाई बघून ठेवली, बाळाच्या दुपट्यांसाठी जुन्या सुती साड्या धुऊन घड्या घालून ठेवल्या. मग एक दिवस विहीण आणि तिचा नवरा माझ्याकडे आले. विहीण शांतपणे म्हणाली, "व्याहीबुवा, राग मानू नका. पण तुमच्याकडे आता बाईमाणूस नाही हो."

नव्हतंच. सगळ्या चाळीला ठाऊक होतं. पण कोणी माझ्या तोंडावर म्हटलं नव्हतं.

तर बाळंतपण गिरगावात झालं. विहिणीने काही कमी केलं नाही. मी दर आठवड्याला जायचो आणि खोट शोधायचो. आळिवाची खीर होती, डिंकाचे लाडू होते, शेक-शेगडी होती. केसांचं तर विचारू नका. शिकेकाई, रिठे, आवळकाठी रात्री लोखंडी कढईत भिजत घालायची आणि सकाळी उकळून गाळून त्याने न्हाऊ घालायची. ओल्या केसांना कंगवा लावू द्यायची नाही. आधी धुरी, मग बोटांनी गुंता सोडवायचा, मग मोठ्या दातांचा लाकडी कंगवा, मग सैल वेणी. तेल घाण्यावरचं खोबरेल, त्यात कढीपत्ता घालून उकळलेलं.

"कढीपत्ता?" मी म्हणालो. "आमच्याकडे तो आमटीत घालतात."

विहीण हसली. "आमच्याकडेही आमटीत घालतात हो. उरला की डोक्याला."

बघा. टोमणा मारला तरी लागत नाही. आतून तिच्या नवऱ्याची हाक आली, "अगं, माझा चष्मा कुठे आहे?" आणि ही इथूनच म्हणाली, "तुमच्या डोक्यावर." त्याचाही मला हेवा वाटला. म्हाताऱ्याला हाक मारायला माणूस आहे आणि उत्तर देणारं माणूस आहे. माझा चष्मा हरवला तर तो मलाच शोधावा लागतो, तोही चष्म्याशिवाय.

आणि लेक तिला आई म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली कपबशी खाली ठेवली. मग नीट कान देऊन ऐकलं. ती विहिणीला "अहो आई" म्हणते. माझ्या बायकोला "ए आई" म्हणायची. तेवढ्यावर मी कितीतरी आठवडे काढले.

नातीला चौथा महिना लागला आणि लेकीचे केस गळायला लागले. थोडेथोडके नाहीत. कंगव्यात झुबका, उशीवर झुबका, मोरीच्या जाळीत झुबका. नातीच्या मुठीत केस, दुपट्यावर केस, एकदा माझ्या पोह्यांत निघाला. लेक माझ्यासमोर कंगवा हातात धरून रडली. "ओ बाबा, बघा ना, टक्कल पडणार मला." कपाळाच्या दोन्ही बाजूंना खरंच विरळ झालं होतं, कातडी दिसत होती.

मला वाईट वाटलं, हे तर झालंच. पण त्याच्या आधी, अगदी आधी, मला बरं वाटलं. मनात आलं, घ्या! एवढी शिकेकाई, एवढा कढीपत्ता, झालं काय? माझी बायको असती तर असं झालं नसतं.

त्यांनी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही गेलो. नेत नव्हते, मीच गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रक्त थोडं कमी निघालं म्हणून गोळ्या दिल्या. बाकी ठीक. म्हणाल्या, "पोटात बाळ असताना केस गळायचे थांबतात, म्हणून त्या दिवसांत वेणी जाड दिसते. बाळंतपणानंतर ते राहिलेले सगळे एकदम गळतात. बहुतेक बायकांचं होतं. आपोआप थांबतं, आपोआप परत येतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत बघा."

"तेल कुठलं लावायचं?" मी विचारलं.

"कुठलंही लावा काका. तेलाने गळणं थांबत नाही. चोळल्यावर बरं वाटतं, तेवढं पुरे. फक्त ओढूनताणून बांधू नका."

विहिणीने मान डोलावली. मी नाही डोलावली. डॉक्टरांवर माझा विश्वास नाही असं नाही. पण बायकोच्या आजारपणात औषधांनी तिचे केस गेले होते, आणि तेव्हाही एका डॉक्टरने सांगितलं होतं, परत येतील. केस यायला माणूस जागेवर लागतं. तेव्हापासून मला उशीवर केस दिसले की अन्न जात नाही. त्या दिवशी गिरगावातून परत येताना मी ठरवलं, पोरीचं डोकं आता त्या बाईवर सोडायचं नाही. बायकोचं तेल करायचं.

बायकोचं तेल म्हणजे काय, ते सांगतो. आम्ही मालवणकडचे. नारळाचं दूध काढून ते मंद आचेवर आटवत बसायचं, की वर तेल सुटतं. त्याला आमच्याकडे आवेल म्हणतात. त्या तेलात ती पाला, फुलं, मुळ्या घालायची आणि पुन्हा कढवायची. सगळ्या मजल्यावर वास सुटायचा. लेक लहान असल्यापासून लग्न होऊन जाईपर्यंत दर शनिवारी त्या तेलाने तिचं डोकं माखलं गेलं. मला मात्र बायको जवळ फिरकू द्यायची नाही. मी लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत उभा जन्म डंकावर काढला. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं वरून आदळतात, आणि दोन घावांच्या मध्ये आपण हात घालून मसाला वरखाली करायचा. चुकला की बोट गेलं. आणि मिरची तर अंगात मुरते. बायको म्हणायची, "ते हात घेऊन पोरीच्या डोक्यापाशी येऊ नका." मी बाहेर कठड्याला टेकून वास घेत उभा राहायचो.

म्हणजे मला तेल माहीत होतं ते नाकाने. करायचं कसं, ते माहीत नव्हतं. आमच्या मजल्यावर बायकोची एक जुनी मैत्रीण आहे, बायकोहून वयाने मोठी. तिच्याकडे गेलो.

"भावोजी, तुमी तेल करतलास?" ती हसायलाच लागली. "तुमका चाय तरी करूक येता?"

"चहाचं राहू दे. ती त्यात काय घालायची ते सांग."

"तिणां कधी कोणाक सांगल्यान नाय. लय आपमतलबी तुमची बायल." ती डोळे पुसत म्हणाली. "पन जास्वंदीची फुलां असायची नि माक्याचो पालो असायचो, ह्यां मी डोळ्यान बघलंय. बाकी सुकां काय तां तुमी बघा."

सुकं काय ते मी काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन नाकाने ओळखलं. दुकानदार एकेक डबा उघडून नाकाखाली धरायचा आणि मी हो नाही म्हणायचो. आवळकाठी, हो. ब्राह्मी, हो. जटामांसी, नाही. नागरमोथा, हो. मग वाळ्याचा डबा उघडला आणि मी तिथल्या तिथे स्टुलावर बसलो. बायको माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखं झालं. दुकानदाराने पाणी दिलं. जास्वंद आणि माका दादरच्या फुलबाजारातून आणले. माका विकणारी बाई विचारते, "कोणासाठी, मालकीणबाईंना?" मी म्हणालो, हो. काय समजावत बसणार.

वाळ्याच्या मुळ्या अख्ख्याच सोडायच्या, पण बाकीचं सुकं आता कुटायला हवं होतं. बायको खलबत्त्यात कुटायची. माझा उजवा खांदा डंकाने खाल्लाय, वर जात नाही. म्हणून मी तेच केलं, जे लालबागचा कुठलाही माणूस करेल. पिशवी घेऊन मसाल्याच्या गल्लीत गेलो, मी जिथे काम करायचो त्या दुकानात. मालक आता जुन्या मालकाचा मुलगा. "या काका! मसाला करताय?" "नाही रे, तेलाचं सामान आहे. एक डंक मोकळा कर, मीच कुटतो."

वैशाखाचे दिवस. वर्षाचा मसाला करायची घाई. बायका तोंडाला पदर बांधून आपापल्या मसाल्यावर नजर ठेवून बसलेल्या, आख्खी गल्ली शिंकतेय. मी उखळ फडक्याने पुसली. मूठभर तांदूळ घालून कुटले आणि फेकले. मिरचीनंतर हळद घ्यायची झाली की आम्ही असंच करायचो. वास घेतला. काही नाही. मुसळावर हात फिरवला. काही नाही. मग बिनधास्त कुटून घेतलं.

खोलीत तेल कढवताना तीच शेजारीण दारातून डोकावली आणि दोनदा शिंकली. मी म्हणालो, काय गं? ती म्हणाली, "ह्या गल्लीन जीव घेतल्यान." मलाही ते पटलं. त्या महिन्यात लालबागमध्ये देवसुद्धा शिंकत असेल. तेल उतरलं, गाळलं, बाटलीत भरलं. हिरवट सोनेरी रंग. वास तर तोच, अगदी तोच. मी बाटली उशाशी ठेवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी गिरगावात विहिणीच्या हातात बाटली दिली तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "हे तिच्या आईचं तेल. आता हेच लावायचं." आईचं या शब्दावर जोर दिला. विहिणीने झाकण काढून वास घेतला. "सुरेख आहे हो," म्हणाली, आणि आपली वाटी बाजूला सारली. हसत सारली, पण सारली. त्या दिवशीचा चहा मला फार गोड लागला.

तिनेच लावायला घेतलं. दुसरं कोण लावणार? पहिलं बोट भांगात फिरलं. माझ्या लेकीचे खांदे हलायला लागले. "आईचा वास आहे," म्हणाली. "बाबा, आईचा वास आहे." मी खिडकीबाहेर बघत बसलो. विहीण पुरतं डोकं माखून उठली तेव्हा म्हणाली, "तेल जरा झणझणतंय का गं? माझ्या हाताला लागतंय."

"थोडं गरम वाटतंय," लेक म्हणाली.

"तेल कामाला लागलं," मी म्हणालो.

"नाही, मला वाटतं धुऊन टाकू," विहीण म्हणाली.

"राहू द्या ना आई. राहू द्या थोडा वेळ," लेक म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते, पण ती रडत होती म्हणून झाले असतील असं मला वाटलं. विहिणीलाही तसंच वाटलं असणार. तिने बाटलीला झाकण लावलं. मला तर गुदगुल्या होत होत्या. बघ म्हणावं, तुझं तेल धुवायला हिने कधी नाही म्हटलंय?

मग नात उठली. लेकीने तिला खांद्याला लावली. बाळच ती, तिने आईची बट मुठीत धरली, ओढली आणि तोच हात डोळ्याला चोळला.

असं किंचाळणं मी ऐकलं नव्हतं. सगळं घर धावलं. विहिणीने आधी आपले हात साबणाने धुतले, मग नातीला घेतलं आणि पाण्याची धार सोडत तिचे डोळे धुतले, पुन्हा धुतले. "काय घातलंय तेलात?" तिचा नवरा मला विचारत होता. मी बाटलीतलं तेल बोटावर घेऊन जिभेवर ठेवलं. मिरचीपुरतं माझं नाक मेलंय, हात मेलेत, पण जीभ अजून आपल्या जागेवर आहे.

"संकेश्वरी," मी म्हणालो.

"काय?"

"मिरची. बेडगी नाही, संकेश्वरी. तिखट असते."

आख्ख्या जन्माचा डंकवाला मी. मूठभर तांदळाने हळदीपुरतं भागतं, हळदीत मिरचीचा कण गेला तर कोणाला कळत नाही. डोक्याच्या कातडीला कळतं. आणि गरम तेलात मिरची कशी उतरते, ते काय मला कोणी सांगायला हवं होतं?

नात थोड्या वेळाने शांत झाली. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं केलं, संध्याकाळी ती खिदळत होती. लेकीला विहिणीने मोरीत बसवून दही आणि बेसन लावून डोकं धुतलं, मग पुन्हा धुतलं. व्याही मला म्हणाला, "व्याहीबुवा, डोक्याला मालवणी मसाला ऐकला नव्हता हो कधी," आणि हसला. विहीण मोरीतून ओरडली, "तुम्ही गप्प बसा! त्यांच्या जिवाला काय वाटत असेल!" मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी निघालो तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, दोन्ही हात ताकाच्या पातेल्यात बुडवून. तळवे मनगटापर्यंत लालबुंद. मी माझे हात बघितले. त्याच तेलात मीही आदल्या दिवशी हात घातले होते, बाटली भरताना सांडलं होतं ते हातानेच पुसलं होतं. काही नाही. आणि तुम्हाला सांगतो, मला त्याचाही मत्सर वाटला. माझ्या लेकीसाठी तिचे हात जळत होते आणि माझे जळत नव्हते.

आठ-पंधरा दिवस मी गिरगावला गेलो नाही. मग विहिणीचाच फोन आला. "व्याहीबुवा, ते तेल मला सांगा ना कसं करायचं. मी खलबत्त्यात कुटून करते. तिला फार आवडलं होतं. त्या दिवसापासून रोज विचारतेय."

सांगितलं तर बायकोचं तेलही गिरगावला जाणार. बाळंतपण गेलं, डोकं गेलं, आई हा शब्द गेला, आता वासही. नाही सांगितलं तर पोरगी त्या वासाला आचवणार. मी सांगितलं. आवेल कसं काढायचं, जास्वंद किती, माका किती, आवळकाठी, ब्राह्मी, नागरमोथा. वाळा सांगितला नाही.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

फोन ठेवला तेव्हा मला लाज वाटली का? नाही वाटली. मी मस्त भात-आमटी खाल्ली.

तिने तेल केलं. लेकीचा फोन आला, "बाबा, वास येत नाही तसा." मी म्हणालो, "पुन्हा करायला सांग, घाई केली असेल." पुन्हा केलं. तरी नाही. केस मात्र गळतच होते, मग हळूहळू कमी गळायला लागले. कमी का झाले ते माझ्या तेलाला विचारू नका, विहिणीच्याही नका.

मग एका सकाळी लेक नातीला कडेवर घेऊन, खांद्याला मोठी पिशवी लावून आमच्या दारात उभी. आधी कळवलं नव्हतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच राहायला आली होती. आमची शेजारीण नातीला घेऊन मजलाभर मिरवायला गेली. लेकीने पिशवीतून विहिणीने केलेल्या तेलाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

"ओ बाबा. यात काय नाहीये?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला माहितीये. तुमचं तोंड सांगतंय. आईंना हे तेल तिसऱ्यांदा करावं लागलं, हात दुखून आले त्यांचे कुटून."

"मग नको करू म्हणावं."

"काय नाहीये?"

मी उठलो, वाळ्याचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. तिने उघडला, नाकाशी नेला आणि तिथेच खाली बसली, मी दुकानात बसलो होतो तशी.

"सांगितलं का नाही?" तिने विचारलं.

"सगळंच काय तिकडे द्यायचं?" मी म्हणालो. "तू इथे आली असतीस का?"

मला वाटलं चिडणार. तिने मोबाईल काढला, विहिणीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. एवढे दिवस मी जपलेली वस्तू पोरीने पुरता श्वासही न घेता देऊन टाकली. "आई, वाळा राहिला होता. वाळा."

तिकडून विहीण म्हणाली, "हो गं. मला पहिल्याच दिवशी वासावरून वाटलं होतं."

"मग घातला का नाहीत?"

"व्याहींनी सांगितला नव्हता ना. त्यांच्या घरची वस्तू. आपण कशी घालायची?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. या बाईच्या पुढे कुठे जाऊ म्हटलं तर ती आधीच तिथे जाऊन बसलेली असते. आता सांगा, अशा बाईचा मत्सर करू नये तर काय करू?

"किती घालायचा, विचार त्यांना," विहीण म्हणाली.

"मूठभर," मी मोबाईलकडे तोंड करून ओरडलो. "आणि कुटायचा नाही. अख्ख्या मुळ्या सोडायच्या."

दुपारी आम्ही त्याच बाटलीतलं तेल पुन्हा कढवलं, त्यात वाळा घालून. निवल्यावर मी हात धुतले, पुन्हा धुतले, बोट जिभेला लावून बघितलं. मग लेकीला म्हणालो, बस. ती बसली. आयुष्यात मी कोणाच्या डोक्याला तेल लावलेलं नाही. भांग पाडला तर तो वाकडा गेला. कपाळाच्या दोन्ही बाजूंना, जिथे कातडी दिसत होती, तिथे बोटभरही नसतील असे बारीक नवे केस उभे होते, नारळाच्या शेंडीसारखे ताठ. खाली बसवावेत तर बसत नव्हते. मी त्यांच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"बाबा, ओढताय."

"ती ओढत नाही?"

"नाही."

"मग तिकडे जाऊन लावून घे," मी म्हणालो, पण डोकं काही सोडलं नाही.